चंपाषष्ठीची बारीक पात

कुंडीतली पात इतकी जोमात आली, तेव्हाच मला कसंतरी वाटायला लागलं होतं. घाटंजीत राहणाऱ्या माणसाला कुंडीतल्या झाडाचा जोम बघायची सवय नसते. उन्हाळ्यात आमच्या अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि पावसाळ्यात जे काही तग धरतं ते वानरं खाऊन जातात. लग्न होऊन या घरात आल्यापासून ही कुंड्या लावतेय आणि तेव्हापासूनच कुंड्यांची राख सावडतेय, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. त्यामुळे कार्तिकात त्या मोठ्या कुंडीत वीतभर लांब, काळपट हिरवी, दाट पानं उभी राहिली, तेव्हा मी खूश व्हायच्या ऐवजी दोनदा वळून बघितलं. पण हात लावायचा नव्हता, वास घ्यायचा नव्हता. व्रत होतं.

पात आमच्याकडे आली ती सुनेबरोबर. मुलगा पुण्याला नोकरीला, सून तिकडचीच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती आली तेव्हा दह्याच्या रिकाम्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक झुबका घेऊन आली. मी साडीची वाट बघत होते, निघालं गवत. ती म्हणाली, "आई, हे चाईव्ह्ज. कांद्याच्याच कुळातलं. कापलं की परत येतं." माझ्या सासूबाई खाटेवर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी एक पान मोडलं, नाकाशी नेलं, दाताखाली धरलं आणि म्हणाल्या, "पातच हाये हे. बारीक पात." तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव बारीक पात.

ती खरंच गुणी निघाली. साध्या पातीपेक्षा कितीतरी नाजूक, सुईपेक्षा थोडी जाड. पान मोडलं की आत पोकळ नळी दिसते, आणि बोटांना कांदा आणि लसूण यांच्या मधला वास लागून राहतो. मी ती धुण्याच्या दगडाजवळ ठेवली, जिथे दुपारनंतर सावली येते. उन्हाळ्यात वर हिरवी जाळी बांधली, तांदळाचं धुवण घातलं, आणि तिनं तो उन्हाळा काढला. मग मी ती कशाकशात घातली म्हणता! झुणक्यात घातली, कढीवर घातली, पातोडीच्या पिठात घातली. गोळाभातावर फोडणीचं तेल ओतून वरून मूठभर बारीक पात भुरभुरली की सासूबाई एक गोळा जास्तीचा घ्यायच्या आणि वर म्हणायच्या, "काई खास नाही, पण चालते." त्यांच्या तोंडून 'चालते' म्हणजे पहिला नंबर.

सासूबाईंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पंचाहत्तरी केव्हाच उलटलेली, पण अंगात काम. कापूस वेचायला आता जात नाहीत, पण वेचायला गेलेल्या बायांनी किती वेचला ते घरी बसून सांगतात. स्वयंपाकघर माझं आहे असं सगळे म्हणतात. ते खरं नाही. देवाचं ताट त्यांच्याच हातचं, आणि घरात कोणतं व्रत केव्हा सुरू होणार आणि केव्हा संपणार हे त्यांच्याच तोंडून ठरतं. माझा यावर राग होता आणि आहे. पण या बाईनं माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं अंग चोळलं आहे. त्यामुळे माझा राग नेहमी ताटात वाढण्याआधीच थंड व्हायचा.

आमच्या घरात आषाढातल्या कांदेनवमीला कांदा, पात, लसूण, वांगं हे सगळं शेवटचं खातात. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं पिठलं, नुसता कांद्यांचाच धिंगाणा. दुसऱ्या दिवसापासून बंद. बऱ्याच घरांत कार्तिकी एकादशी झाली की हे सुटतं. आमचं कुलदैवत खंडोबा, म्हणून आमचं मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला सुटतं. त्या दिवशी खंडोबाला वांग्याचं भरीत, रोडगे आणि कांद्याची पात यांचा नैवेद्य. देवानं खाल्लं की मग घरानं खायचं.

त्या वर्षी सून आषाढातच घाटंजीला आली ती राहायला. तिला दिवस गेले होते. तिची आई नाही, त्यामुळे माहेर असं काही नव्हतं, आणि आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. पुण्यातल्या घरात ती दिवसभर एकटी. मुलगाच म्हणाला, आई, तुझ्याकडे राहू दे. ती आली तेव्हा चेहऱ्यावर नुसते डोळे राहिले होते. रात्री पाणी प्यायला उठली तरी मला जाग यायची. घरात कोणी तोंडानं बोलत नव्हतं, पण आम्ही सगळे पावलं हळू टाकत होतो.

कांदेनवमीच्या संध्याकाळी सासूबाईंनी सुनेला देवासमोर बसवलं आणि खंडोबाला बोलून दाखवलं. या वर्षी घरात कोणी कांद्याच्या जातीच्या कशालाही शिवणार नाही. खाणं तर सोडाच, हात लावणार नाही, वास घेणार नाही. चंपाषष्ठीला घरच्या कुंडीतली पात पहिल्यांदा कापायची ती त्यांच्या हातानं, आणि देवानंतर माणसांतला पहिला घास पोटुशीला, तोही त्यांच्याच हातानं. "पोर सुखरूप राहू दे, बाप्पा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. तो मी त्याआधी कधी कापताना ऐकला नव्हता.

मी बाहेर येऊन म्हटलं, "आई, वास घ्यायलाही बंदी म्हणजे अतीच झालं."

"वास घेतला म्हणजे अर्धं जेवण झालं," त्या म्हणाल्या. "तुले उपास करता येत नाही तं नोको करू. पण माह्या नवसात खोट नोको काढू."

"बाजारात पात मिळते ना चंपाषष्ठीला?"

"बाजारच्या पातीले कोणाकोणाचे हात लागते. घरचीच पाह्यजे."

विषय तिथे संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

श्रावणात एका दुपारी वानरांची टोळी अंगणात उतरली. पेरूवरून पत्र्यावर, पत्र्यावरून कुंड्यांवर. पातीची कुंडी फुटली. तिच्या शेजारी एका रंगाच्या जुन्या डब्यात माझी लिली होती, पावसाळ्यात पांढरी फुलं देणारी, तोही डबा उलटा झाला. माती, मुळं, कांदे, सगळं एका ढिगात. मी आणि सून दवाखान्यात तपासणीला गेलो होतो. घरी हे होते.

आमचे हे म्हणजे सरळ माणूस. पातीला हात लावायचा नाही हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. म्हणून त्यांनी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली, तोंड दुसरीकडे केलं, म्हणजे वास नको, आणि खुरप्यानं ढिगातलं एकेक वेचून मोठ्या कुंडीत लावलं. आम्ही आल्यावर मोठ्या अभिमानानं म्हणाले, "लिली गेली तुही. पण पात वाचवली मी. एकूण एक कांदा वेचून लावला. कांदा दिसला की तो पातीचा, त्यात काय कळत नाही का मले?"

मी त्यांचं कौतुकही केलं. नवऱ्यानं आपणहून कुंडी लावली, हेच मला नवल होतं. पातीच्या मुळाशी कांदा नसल्यासारखाच असतो आणि लिलीला मात्र छोट्या कांद्यासारखा गोल गड्डा असतो, हे मला माहीत होतं, पण त्यांनी काय वेचलं आणि काय टाकलं ते मी पाहिलंच नव्हतं. कुंडीत नुसते मातीतून वर आलेले हिरवे कोंब होते. कापलेल्या केसांसारखे सगळे सारखे दिसत होते.

त्यानंतर वानरं पुन्हा आली. भेंडी खाल्ली, गोकर्णाचा वेल ओढून काढला, झेंडूची फुलं कुस्करली. मोठ्या कुंडीला तोंडसुद्धा लावलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "देवाची हाये ते. जनावराले समजते, माणसाले समजत नाही." हे माझ्याकडे बघून. मला वाटलं, कांद्याला वानरं तशीही तोंड लावत नाहीत. दोघींनी आपापला अर्थ लावला आणि कुंडी वाढत राहिली.

फाटकाशी एक काळं कुत्रं राहायचं. आमचं म्हणायला आमचं नाही, पण खायला आमच्याकडेच. त्याला खंडोबाचं कुत्रं म्हणून सासूबाई रोज भाकर घालायच्या. भाद्रपदात हे कुत्रं कुंडीजवळ गेलं, नाक लावलं, शिंकलं आणि मागे सरकलं. मला आठवतंय, मी तेव्हा कपडे पिळत होते. दिवस लख्ख होता आणि तरी मी पिळा तसाच धरून थांबले. कुत्रं शिंकलं, यात भिण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि कपडे वाळत घातले.

आश्विनात सुनेचा रंग जरा बदलला. गाल भरले. जेवायला लागली. सातव्या महिन्याकडे वाटचाल सुरू होती, आणि घरात कोणी मोठ्यानं हसलं की सासूबाई त्याला गप्प करायच्या, दृष्ट लागते म्हणून. सून दुपारी अंगणात एकटीच बसायची. मी विचारलं तर म्हणायची, "ऊन खाते." तिच्या ओढणीला कधीकधी एक ओळखीचा वास यायचा. मी तो माझ्या मनाचा खेळ समजले. तीन महिने कांदा न खाल्लेल्या माणसाला कशालाही कांद्याचा वास येतो.

चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळपासून ढग होते. मार्गशीर्षात आमच्याकडे ढग आले की लोक कापसाकडे बघतात. हे शेतावर माणूस पाठवून मोकळे झाले. अंगणात गोवऱ्या पेटवल्या, त्यात रोडगे भाजले, निखाऱ्यावर वांगी ठेवली. सासूबाई नवीन नऊवारी नेसून कुंडीशी गेल्या. हात जोडले, विळी खाली ठेवली आणि मूठ मूठ पात कापली. कुंडी एका बाजूनं विरळ होती, दुसऱ्या बाजूनं दाट. त्यांनी दाट बाजूची घेतली. देवाला विरळ कशाला द्यायची?

पात त्यांनी चिरली. मी शेजारी बसून वांगी सोलत होते. नैवेद्य करताना चव बघायची नाही, वास घ्यायचा नाही, हा नियम तर मला माहेरपासून माहीत होता. पण चिरताना आपोआप यायला हवा तो वासही येत नव्हता. मी म्हटलं, "आई, पातीचा वास येत नाही."

"नाक बंद कर तुहं," त्या म्हणाल्या. "आज वास त्याचा हाये."

"तसं नाही. चिरल्यावर डोळ्यात पाणी तरी यायला पाह्यजे ना?"

"काहून आजच्या दिवशी अपशकुन करून राह्यली व? धुरानं नाक चोंदलं तुहं."

धूर होताच. गोवऱ्यांचा, वांग्यांचा, भाजलेल्या मिरच्यांचा. मी मुकाट्यानं वांगी कुस्करली, मीठ, मिरच्या, दाणे घातले, जवसाचं तेल सोडलं, आणि त्यांनी वरून ती हिरवी रास मिसळली. भरीत दिसायला असं काही सुरेख झालं की फोटो काढावा. काढायला हात गेला नाही.

शेजारचे दोघे आले, यांच्याबरोबर त्यांनी तळी उचलली, येळकोट येळकोट जय मल्हार झालं, भंडारा उधळला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून ते गेले. देवाला नैवेद्य दाखवला. मग एका पानावर रोडगा आणि भरीत घेऊन सासूबाई फाटकाशी गेल्या, कारण आमच्याकडे देवानंतर कुत्र्याचा मान. काळ्यानं शेपूट हलवली. पानापाशी तोंड नेलं. हे कुत्रं चपला खायचं, साबण खायचं, एकदा यांचा चष्मा खाल्लेला. त्यानं रोडगा ओढून बाहेर काढला, भरिताकडे पाहिलं आणि शेपूट घालून गाडीखाली जाऊन बसलं.

सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी पुन्हा बोलावलं, चुचकारलं, पान जवळ सरकवलं. कुत्रं आलं नाही. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला नाही.

"कोणी मोडलं?" त्या म्हणाल्या.

मी सुनेचा पाट सरळ केला, तिला बसवलं.

"देवानं नाही घेतलं. कोणीतरी कांदा खाल्ला या घरात. सांगा मले. कोणी खाल्ला?"

हे म्हणाले, "आई, कुत्र्याचं पोट भरलं असन."

"त्या कुत्र्याचं पोट कधी भरलं होतं?" त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर आमच्या तिघांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मला संताप आला, पण पाटावर बसलेल्या सुनेच्या पोटाकडे बघून मी तो गिळला. त्या पोटाखातर घरात भांडण नको होतं. सासूबाईंनी मग स्वतःलाच समजावलं असावं. त्या पाटासमोर बसल्या, रोडग्याचा तुकडा मोडला, त्यावर भरीत घेतलं, पात चांगली दिसेल असं, आणि म्हणाल्या, "जे झालं ते झालं. आता तू खाय, पोरी. सारा घास खाय. टाकू नोको. आता तुह्या घासावरच हाये सारं."

सुनेनं तोंड उघडलं आणि घास घेतला.

मी तिच्याकडेच बघत होते. एकदा चावल्यावर तिचा जबडा थांबला. डोळे मोठे झाले. गालात घास तसाच फुगून राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग खाली. मला वाटलं पोटात दुखलं. मी धावले. तिचे डोळे भरून वाहायला लागले, पण ती ना गिळत होती ना थुंकत होती. सासूबाई म्हणत होत्या, "गिय, माय, गिय. प्रसाद हाये."

ती उठली, मोरीत गेली, आणि घास थुंकला. चूळ भरली, परत भरली. मग दाराशी येऊन उभी राहिली. तिचा आवाज मला नीट ऐकूही आला नाही.

"आजी, ही पात नाही."

"काय म्हणते?"

"ही पात नाही. मला पातीची चव माहीत आहे. मी... मी खात होते. दुपारी. मला राहवत नव्हतं, आजी. वास घेऊन घेऊन एकेक पान खुडत होते. ज्या पानांना वास नव्हता ती सोडत होते. मला वाटलं पावसानं वास गेला असेल. ही तीच आहेत. कडू आहेत. जीभ जळतेय."

गोवऱ्यांची राख खचण्याचा आवाज आला. मी कुंडीकडे पळाले, पायात चप्पल आहे की नाही न बघता कापलेल्या बुडख्यांतून एक पान उपटलं आणि मोडलं. आत नळी नव्हती. पान भरीव होतं. नाकाशी नेलं तर नुसता ओल्या गवताचा वास, आणि मुळाशी एक पांढरा गड्डा. माझी लिली, त्या पावसात एकदाही न फुललेली. पोरीनं चार महिने ओळखून ओळखून खरी पात तेवढी संपवली होती आणि देवासाठी ही ठेवली होती. मी तिथूनच ओरडले, "खाऊ नका कोणी! इख आहे ते!"

मी परत आले तेव्हा सासूबाई सुनेच्या पाटावर बसल्या होत्या. सुनेचं ताट त्यांच्या पुढ्यात. त्या खात होत्या. घाईनं नाही, रागानंही नाही. रोडग्याला लावून लावून, ताट पुसून. यांनी त्यांचा हात धरला तर त्यांनी दुसऱ्या हातानं घास घेतला.

"आई, काय करून राह्यल्या तुम्ही?" मी म्हटलं. "इख आहे!"

"आयकलं मी," त्या म्हणाल्या. "तिनं मोडलं, तिनं थुकलं. कोणाले तरी खा लागन ना? तिच्या वाटचं मी खातो. त्याले घ्यायचं असन तं मले घेईन. तिच्या पोटाकडे नाही पाह्यणार मंग."

एवढं बोलून त्यांनी शेवटचा घास घेतला आणि पाणी मागितलं.

यवतमाळच्या रस्त्यावर गाडीत त्यांच्या उलट्या सुरू झाल्या. मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या अंगावरचा भंडारा माझ्या हाताला लागत होता, सगळं पिवळं. ओठ पांढरे पडले होते. मध्येच शुद्धीवर यायच्या आणि विचारायच्या, "पोरीले काई झालं का?" मी म्हणायची, नाही. "तिचे पाय थंडे नाही ना?" नाही. मग त्यांना बरं वाटायचं, आणि पुन्हा पोटात मुरडा यायचा. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की त्यांना हलवून हलवून विचारावंसं वाटत होतं, तुम्ही गेलात तर त्या पोरीनं जन्मभर काय करायचं? हे त्यांच्या व्रतात कुठे बसत होतं?

सून मागून शेजाऱ्यांच्या गाडीत येत होती. तिचीही तपासणी झाली. पोटातलं बाळ ठीक होतं. डॉक्टरांनी मी रुमालात बांधून नेलेलं पान आणि गड्डा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, म्हातारीला सांभाळू, पण ताटभर हेच त्या पोरीच्या पोटात गेलं असतं तर मी तुम्हाला काही सांगू शकलो नसतो. यांनी तो गड्डा डॉक्टरांच्या हातातून घेतला. "मी लावलं ते," एवढंच म्हणाले. त्यांच्या पाठीवर हात फिरवायला मला वेळ लागला, पण फिरवला.

सासूबाई वाचल्या. सलाइन लावलेल्या हातानं त्यांनी मला एकदा जवळ बोलावलं. खोलीत आणखी कोणी नव्हतं.

"एक सांग मले," त्या म्हणाल्या. "तिनं चोरून खाल्लं म्हणून तिले चव समजली, अन् वाचली. हो ना?"

"हो."

"अन् तिनं चोरून खाल्लं म्हणूनच चांगली पात सरली, अन् ताटात इख आलं. हे बी खरं ना?"

मी सलाइनची नळी सरळ केली.

"मंग त्यानं वाचवलं का मारलं? तू शिकेल हायेस. तूच सांग."

त्या घरी आल्यावर सुनेला एक शब्दही बोलल्या नाहीत. उलट खुरपं घेऊन स्वतः कुंडीपाशी बसल्या आणि एकेक गड्डा काढून जाळला. खरी पात जेमतेम चिमूटभर उरली होती, ती वेगळ्या कुंडीत लावली. मला वाटलं, या वेड्या प्रकाराला आता तरी पूर्णविराम मिळेल.

माघात नात झाली. सुखरूप. सासूबाईंनी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा तिचं डोकं हुंगलं, बराच वेळ हुंगलं, आणि मग आमच्याकडे बघून मान हलवली.

पात पुन्हा भरली. आता आमच्या घरात तिचा वास घ्यायला कुणालाच बंदी नाही. मी रोज एक पान मोडून बघते, नळी बघते, नाकाशी नेते. सून कापते, मी चिरते. लिलीचं एकही रोप आमच्या गल्लीत राहू दिलेलं नाही. चंपाषष्ठी मात्र दरवर्षी येते, आणि त्या दिवशी भरिताचं पातेलं उतरलं की सासूबाई सगळ्यांना थांबवतात. देवाचं ताट झाकून ठेवतात. आमची ताटं झाकून ठेवतात. ज्या बाईनं जन्मात नैवेद्याची चव घेतली नाही, ती देवाच्याही आधी पहिला घास स्वतः खाते. पातीचा घास. मग पाटावर भिंतीला टेकून हात मांडीवर ठेवून बसते आणि आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. सून पदराचं टोक पिळत असते. रोडगे गार होतात. माझ्या हातानं निवडलेली, मी हुंगलेली पात आहे ती, तरी मी दरवर्षी तिच्या ओठांचा रंग बघत राहते.

नातीला आता तिसरं वर्ष सरत आलं आहे. तिला वाटतं हा चंपाषष्ठीचाच एक भाग आहे, तळीसारखा, भंडाऱ्यासारखा. या वर्षी ती पणजीच्या समोर मांडी घालून बसली होती, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन. भूक लागलेली. थोड्या थोड्या वेळानं आनंदानं विचारत होती, "पणजी, झालं का तुले काही?"

"नाही, माय," सासूबाई म्हणत होत्या. "अजून नाही झालं. थांब थोडी."